प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचं निवासी घर कसं पारखावं: गोव्यातल्या पालकांसाठी

शाळेची वर्षं असतात तोवर निभावतं. पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव, कुठून तरी विशेष शाळेची बस येते, दुपारपर्यंत वेळ जातो. खरा प्रश्न विशीनंतर उभा राहतो, आणि बहुतेक घरांत तो आई पडली किंवा वडील गेले की मगच हातात घेतला जातो. त्या घाईत जी पहिली जागा मिळेल ती घेतली जाते. म्हणून पहिली सूचना वेळेची: दोघे पालक चालते-फिरते असताना, निदान दोन वर्षं आधी शोध सुरू करा. राहायला पाठवायचं नसलं तरी.

दुसरी सूचना नजरेची. इमारत, दात्यांच्या नावांच्या फरशा, स्नेहसंमेलनाचे फोटो यांवरून काही कळत नाही. एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळात तिथली माणसं काय करत असतात, यावरून बहुतेक सगळं कळतं.

घरची वही

घरं बघायला निघण्याआधी एक काम घरी बसून करायचं आहे. मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल जे फक्त आईला ठाऊक असतं, ते कागदावर उतरवायचं. नव्या जागी पहिल्या महिन्यात जे बिघडतं त्यातलं बरंचसं ही माहिती न पोचल्यामुळे बिघडतं. माणूस बोलून सांगू शकत नाही आणि कर्मचाऱ्यांना वाटतं की तो ‘त्रास देतो’.

मोठ्या अक्षरात चार-पाच पानं पुरतात. ‘जेवण स्वतः करतो’ असं लिहून उपयोग नाही. ‘शीत-कढी हाताने खातो, काटे काढलेले नसतील तर मासे देऊ नका, पाण्याचा पेला अर्धाच भरा, घाई केली की ठसका लागतो’ असं लिहा. ‘पेज’ म्हणतो तेव्हा भूक लागलेली असते की बरं वाटत नसतं? अंघोळीचं पाणी आधी पायांवर घेतलं तर चालतं आणि थेट डोक्यावर ओतलं तर सगळा दिवस फुकट, असं काही आहे का? दुखत असेल तेव्हा तो काय करतो: कान ओढतो, हात चावतो, की नुसता गप्प बसतो? हा शेवटचा मुद्दा सोडू नका. दाढदुखी किंवा कानदुखी ‘वर्तणुकीची समस्या’ ठरून तिच्यावर झोपेची गोळी सुरू होते, हे वारंवार घडतं.

सोबत औषधांची यादी (नाव, मिलिग्रॅम, वेळ, कोणी आणि का सुरू केलं), ॲलर्जी, फिट कशी सुरू होते आणि किती वेळ टिकते, पाळीच्या तारखा, भीती कशाची वाटते, शांत कशाने होतो. मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचे छोटे व्हिडिओ काढा: जेवताना, दात घासताना, जमलं तर फिट आली असताना. कर्मचारी बाहेरच्या राज्यातले असतील तर वहीची एक प्रत हिंदीत करा. तुमच्या मुलाला कोंकणी आणि मराठीच कळत असेल तर तेही ठळक लिहा आणि विचारा की रात्रपाळीला ती भाषा बोलणारं कोण असतं.

कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार खासगी संस्थेला नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी घर चालवता येत नाही. प्रमाणपत्र मागा आणि वाचा: कोणाच्या नावाने आहे, मुदत कधी संपते, दिवसाच्या शाळेचं आहे की निवासाचं. शाळेच्या कागदावर वसतिगृह चाललेलं असू शकतं. राष्ट्रीय न्यासाकडची (नॅशनल ट्रस्ट, केंद्र सरकारची संस्था) नोंदणी वेगळी असते. निवासाची ‘समर्थ-घरौंदा’ योजना आणि एक लाख रुपयांपर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा हे त्या न्यासाचे आहेत. निरामय उतरवायला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, तेव्हा तो घर निवडण्याआधीच करून टाका.

अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेत गेल्यावर कळतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर स्थानिक स्तर समिती असते, कायदेशीर पालक नेमून घ्यायला तिच्याकडे अर्ज करायचा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. आपल्यानंतर कोण, ते नाव आताच पक्कं करून ठेवा. ज्या घरात मूल राहणार त्याच संस्थेला पालक नेमू नका. तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तोच तक्रारदार, अशी गत होते.

आणखी एक. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ स्पष्ट म्हणतो. त्याच्या जोडीला नैराश्य किंवा भास होत असतील तर बांबोळीच्या मनोरुग्ण इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात जरूर जा, पण ‘कायमचं तिथेच ठेवा’ हा सल्ला ऐकू नका.

भेट: एकदा सांगून, एकदा न सांगता

पहिली भेट वेळ ठरवून. दुसरी न सांगता, संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी. खोल्यांत शिरायचं ते तिथे राहणाऱ्याला विचारूनच, कारण ते त्याचं घर आहे. पण ‘पाहुणे आले की मुलं बिथरतात’ असं सांगून दरवेळी दारातच थांबवणारी जागा यादीतून काढा.

काय बघायचं? भिंतीला टेकून सगळे ओळीने बसलेत आणि टीव्ही चालू आहे, हे सर्वांत नेहमीचं दृश्य. कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, तरी हे चांगलं घर नव्हे. चांगल्या घरात त्याच वेळी कोणी कोथिंबीर निवडत असतो, कोणी पोदेराचा भोंपू ऐकून पाव आणायला गेटपर्यंत जातो, कोणी आपले कपडे दोरीवरून काढतो. मावशी एकटीच कणीक मळेल तर दहा मिनिटांत होईल, दोघांना सोबत घेतलं तर अर्धा तास लागेल. तो अर्धा तास वेळापत्रकात धरलेला आहे का, हे विचारा. ज्याला फक्त परात धरता येते त्यालाही परात धरायला दिली जाते का, तेही बघा. जमत नाही म्हणून माणसाला बाजूला बसवणं हीच निवासी घरांतली मोठी हानी, आणि ती कुठल्या नोंदवहीत दिसत नाही.

रात्रीचं जेवण किती वाजता? सहाला जेवण आणि साडेसातला दिवे बंद असतील तर ती वेळ पाळी बदलणाऱ्यांच्या सोयीची आहे. सगळ्यांचे केस एकसारखे बारीक कापलेत का? अंतर्वस्त्रं एका ढिगातून वाटली जातात का? प्रत्येकाचं कपाट, प्रत्येकाचा दात घासायचा ब्रश, प्रत्येकाची चादर वेगळी आहे का? कर्मचारी चाळिशीतल्या माणसाला ‘बाळा’ म्हणतात आणि तो समोर असताना त्याच्या शौचाबद्दल तुमच्याशी बोलतात का? चहात साखर किती, शनिवारी कुठला शर्ट, चतुर्थीला घरी जायचं की नाही, हे त्याला कोणी विचारतं का? फिनाइलचा भपकारा म्हणजे स्वच्छता, असं मानू नका. तो पाहुण्यांसाठीही असतो.

न्हाणीघर स्वतः उघडून बघा. कडी बाहेरून उघडता आली पाहिजे, दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे (आत पडलेला माणूस आत उघडणारं दार अडवतो), कमोडजवळ भिंतीत पक्का दांडा, फरशी ओली असताना पाय न घसरणारी. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा नियम कर्मचाऱ्याला विचारा, उत्तर लगेच आलं पाहिजे. फिट येणाऱ्याला टबात किंवा भरलेल्या टाकीपाशी एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. आवारातल्या विहिरीला लोखंडी जाळी हवी.

आणि कुलपं. रात्री दारं बंद असतील तर किल्ली कोणाकडे, आणि तो माणूस त्याच मजल्यावर झोपतो का? २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी गेले. कोणालाही बांधून ठेवलेलं, कोंडलेलं दिसलं तर ‘त्याच्याच भल्यासाठी’ हे स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका.

माणसांचं गणित

‘आमच्याकडे भरपूर स्टाफ आहे’ याला अर्थ नाही. आकडा काढा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसं, आणि रजा, आजारपण धरलं तर चार. बारा जणांच्या घरात कायम दोघे हजर हवेत तर आठ काळजीवाहक पगारावर असले पाहिजेत. स्वयंपाकी, सफाई, शिक्षक यांत धरायचे नाहीत. बारा जणांसाठी एकूण चार माणसं दिसली तर समजावं की एक तर ती बारा-बारा तास राबताहेत, नाहीतर रात्री कोणी नाही.

म्हणून हजेरीपट मागा, तोही गेल्या महिन्यातल्या एखाद्या रविवारचा. रात्री जागं कोणी असतं की फक्त झोपायला असतं? सर्वांत जुना कर्मचारी किती वर्षांपासून आहे? दर सहा महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर वही कितीही चांगली असली तरी ती वाचणारं कोणी उरत नाही. कामावर घेताना पोलीस पडताळणी होते का, हेही विचारा.

पोट, घास, फिट, गोळ्या

पाव आपल्याकडे रोजचा, आणि भरभर खाणाऱ्यासाठी तोच धोक्याचा. लाळेत त्याचा चिकट गोळा होतो आणि घशात बसतो. छोटे तुकडे करून चहात किंवा पातळ भाजीत भिजवून द्यायचा. मासळीत काट्यांचे तारले, बांगडे सोलून हाताने तपासल्याशिवाय नकोत. इसवण किंवा मोरी सोपी. जेवताना पाठ सरळ, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. वारंवार ठसका, जेवल्यावर घोगरा आवाज, पुन्हा पुन्हा छातीत कफ, अशी लक्षणं दिसली तर घास श्वासनलिकेत जातोय असा संशय धरून डॉक्टरांना दाखवा.

बद्धकोष्ठ हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. कमी हालचाल, कमी पाणी आणि फिटच्या किंवा मानसोपचाराच्या काही गोळ्या यांनी तो वाढतो, आणि न बोलणाऱ्या माणसात तो आतडं अडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. घरात शौचाची रोजची नोंद असते का बघा. तीन दिवस कोरे असतील तर काय करतात, हा प्रश्न विचारा. वजन दर महिन्याला. एका महिन्यात पाच टक्के उतरलं तर (साठ किलोच्या माणसाचं तीन किलो) तपासणी झालीच पाहिजे.

डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची तपासणी वर्षातून एकदा, कान आणि डोळेही. चाळिशीच्या पुढे विसरणं, जिन्याला घाबरणं, अंघोळ टाळणं सुरू झालं तर तो हट्ट म्हणून सोडू नका. या लोकांत स्मृतिभ्रंश लवकर येतो. पण आधी थायरॉईड, ऐकू येणं आणि नैराश्य तपासून घ्यायचं, कारण त्यांचीही लक्षणं तशीच दिसतात.

फिटच्या वेळी घड्याळ बघणं पहिलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही, तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही, नाकाशी कांदा-चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि रात्रीच्या माणसाला वापरता येतो का, हे त्यालाच दाखवायला सांगा.

गोळ्यांसाठी प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता हवा आणि गोळी गिळल्यानंतरच त्यावर सही व्हायला हवी. सकाळीच अख्ख्या दिवसाच्या सह्या झालेल्या असतात, हा नेहमीचा घोळ; भेटीच्या वेळी तक्ता मागितला की लगेच दिसतो. फिटची गोळी कधी संपू द्यायची नाही, निदान पंधरा दिवसांचा साठा. आणि शांत राहावा म्हणून दिलेली गोळी कोणी, कधी, कशासाठी सुरू केली, पुन्हा कधी तपासली? उत्तर ‘खूप वर्षांपासून चालू आहे’ असं आलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडून फेरतपासणी करून घ्या. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका.

मुलगी असेल तर

प्रवेशासाठी गर्भाशय काढून आणण्याची अट अजूनही कुठे कुठे तोंडी सांगितली जाते. अशी अट घालणारं घर तिथल्या तिथे सोडा. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, त्यावर देशभर वाद झाला होता. आज २०१६ च्या कायद्यानुसार स्वतंत्र, माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही. शिवाय त्या शस्त्रक्रियेने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा एक पुरावा उरत नाही.

पाळी सांभाळायला शिकवता येतं. रोजच्या चड्डीवर पॅडची जागा रंगीत दोऱ्याने आखायची, ठरावीक वेळी बदलायची सवय, आणि हे काम नेहमी बाईच करील. अंघोळ, कपडे बदलणं यालाही तोच नियम. ‘कोण हात लावू शकतं’ हे चित्रांनी शिकवलं जातं का, तेही विचारा, मुलग्यांनासुद्धा.

पावसाळ्यातली भेट

डिसेंबरात सगळीच घरं छान दिसतात. जुलैत जा. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे का, कपडे वाळतात कुठे, गाद्यांना कुबट वास येतो का, वीज गेली की इन्व्हर्टर न्हाणीघर आणि जिन्यालाही आहे का. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या दिसल्या तर पाय रोज पुसले जात नाहीत. जमिनीवर झोपवत असतील तर मण्यारीचा धोका आहे, खाट आणि नीट खोवलेली मच्छरदाणी हवीच.

पैसे

एकरकमी ‘आजन्म’ रक्कम देणं शक्यतो टाळा. संस्था बंद पडली, व्यवस्थापन बदललं तर हातात काही राहत नाही. परत मिळणारी अनामत आणि मासिक शुल्क बरं. करारात काय धरलंय ते तपशिलाने लिहून घ्या: इस्पितळात सोबत कोण राहणार, डायपर, दात, घरी न्यायची सोय, दरवाढ कशी, काढून न्यायचं तर किती दिवसांची सूचना. माणसाच्या खर्चाचे पैसे (खाऊ, कपडे) वेगळ्या वहीत, पावतीसह. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर ते खातं कोण हाताळतं, हेही.

मृत्युपत्र करताना गोव्याचा वारसा कायदा लक्षात ठेवा. जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीच वेगळा असतो, आणि तुमच्या वाट्यातला अर्धा भाग हक्काच्या वारसांसाठी राखीव असतो. उरलेल्या अर्ध्याचीच तुम्ही स्वतंत्र व्यवस्था लावू शकता. म्हणजे ‘सगळं धाकट्याच्या नावावर’ असं होत नाही. भावंडांशी आताच बोलून, विशेष नोटरीपुढे करून ठेवा. सरकारी नोकरी असेल तर स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र तुमच्या हयातीत खात्याकडे नोंदलेलं असलं की पुढचे खेटे वाचतात.

राहायला पाठवताना आणि नंतर

एकदम सोडून येऊ नका. आधी काही दिवस फक्त दिवसभर, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग आठवडा. प्रत्येक टप्प्यानंतर झोप, भूक, शौच बघून पुढचा. ‘पहिला महिना भेटायला येऊ नका, म्हणजे रुळेल’ असं अनेक ठिकाणी सांगतात. ते मानू नका. माणूस रुळत नाही, आशा सोडतो, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

नंतरच्या भेटींचा वार ठरलेला ठेवू नका. जाल तेव्हा त्याला बाहेर न्या, भजी खा, अंघोळ किंवा कपडे बदलण्याचं निमित्त काढून अंग बघा. गुडघे, कोपर, कपाळ इथल्या जखमा पडल्याच्या असतात. दंडाच्या आतल्या बाजूला, मांड्यांवर, पाठीवर, कानामागे वळ असतील तर तसं नसतं. फोटो काढा, तारीख लिहा, घरातली नोंद मागा. ठरावीक माणूस आला की अंग चोरणं, अचानक अंथरूण ओलं होणं, परत जाताना दार घट्ट धरणं यांचीही नोंद ठेवा.

साधी तक्रार आधी लेखी, प्रमुखांकडे, पोच घेऊन. उत्तर नाही आलं तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. मारहाण, कोंडणं, पिळवणूक असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही थेट जाता येतं. २०१६ च्या कायद्याने त्यांना सुटका करण्याचे अधिकार दिले आहेत. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. ११२ ला फोन करा आणि सरळ गोवा मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा इस्पितळ गाठा. जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या हजेरीत आणि चित्रीकरणासह नोंदवला जावा, अशी कायद्यात तरतूद आहे, ती मागून घ्या. उपचारासाठी इस्पितळ पैसे मागू शकत नाही.

वर्षातून एकदा घरच्यांसोबत बसून ती जुनी वही पुन्हा लिहायची. त्या बैठकीला ज्याची वही आहे तो हजर असला पाहिजे, तास-दीड तास बसता येत नसेल तर दहा मिनिटं. तुमच्यानंतर भेटायला येणारा भाऊ, भाची किंवा शेजारी, जो कोणी ठरला असेल, त्यालाही या वर्षीपासूनच बसवा.